कोणासाठी?

आजचे वचन: उपदेशक 4:7-8

उपदेशक इथे एका माणसाबद्दल सांगतो. त्याला ना मुलगा, ना भाऊ. तरी त्याच्या कष्टांना अंत नाही आणि कितीही मिळालं तरी समाधान नाही. हे सगळं मी कोणासाठी करतोय, असं तो कधी स्वतःला विचारतच नाही.

प्रियांनो, माझ्याकडे या प्रश्नाचं उत्तर कायम तयार असायचं: घरच्यांसाठी! वर्षभर रोज रात्री अकरापर्यंत कॉल चालले. शेवटी प्रमोशन मिळालं. पेढे घेऊन घरी आलो, तर मुलगी झोपलेली. सकाळी तिने विचारलं, "बाबा, आता तुझ्या मीटिंग संपल्या ना?" मी गप्प बसलो, कारण पुढची पायरी मी आधीच ठरवली होती.

ज्यांच्यासाठी म्हणून मी धावत होतो, किंमत तेच मोजत होते. खरं तर मी माझ्या नावासाठी धावत होतो.

कष्ट करणं पाप नाही. प्रभू येशूही सुतार होता. पण कफर्णहूमात सगळे त्याला शोधत असताना तो एकांतात पित्याजवळ प्रार्थना करत होता (मार्क 1:35-37). लोकांच्या मागणीवर त्याचा दिवस ठरत नव्हता.

प्रार्थना: प्रभू, "घरच्यांसाठी" या शब्दामागे मी काय लपवतो, ते मला दाखव. आज मला वेळेवर घरी ने. आमेन.