वजनकाट्याचा हिशेब

आमच्या इमारतीचा कचरा न्यायला येणाऱ्या मावशींनी मला एकदा दुधाची पिशवी कशी कापायची ते शिकवलं. आपण पिशवीचा कोपरा कापतो आणि ते नखाएवढं टोक फेकून देतो. ते ओल्या कचऱ्यात गेलं की कुणाच्याच हाती लागत नाही. खतात मिसळतं, नाल्यात जातं. "ताई, टोक तोडू नका, नुसती चीर द्या," त्या म्हणाल्या. बोलता बोलता त्यांचे हात चालूच होते. दुधाची पिशवी मऊ लागते, तिला भंगारात भाव आहे. वेफर्सचं पाकीट चुरचुरतं, आतून चंदेरी असतं, ते कुणी घेत नाही. पिशवीत न बघता, नुसत्या बोटांनी त्या हे ओळखत होत्या.

शहराच्या पायाभूत सुविधा म्हटलं की आपल्यासमोर मेट्रो, उड्डाणपूल, जलवाहिन्या येतात. या बोटांमधलं ज्ञान त्या यादीत कधी नसतं. ते तिथे असायला हवं असं मला ठामपणे वाटतं, आणि त्याचं कारण कणव नाही. कारण पैशाच्या हिशेबात आहे.

बहुतेक शहरांत कचऱ्याच्या ठेकेदाराला वाहून नेलेल्या टनामागे पैसे मिळतात. म्हणजे गाडी जितकी जड, तितकं बिल मोठं. ओला कचरा जड असतो, भिजलेला त्याहून जड. वर्गीकरण करून वजन घटवण्यात त्या ठेकेदाराचं नुकसानच आहे. मग सगळं एकत्र दाबून डेपोवर जातं, तिथे ओला कचरा हवेवाचून कुजतो, मिथेन तयार होतो, ढिगाला आग लागते. पुण्याच्या कचऱ्याचा हा भार उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतल्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसला. त्यांच्या विहिरी बिघडल्या. कचऱ्याच्या गाड्या अडवायला ते रस्त्यावर उतरत, तेव्हा शहराला दोन दिवस वास येई आणि आपण त्यालाच संकट म्हणत असू.

कचरावेचकांचं गणित याच्या नेमकं उलटं. जे डेपोवर जात नाही, त्यावर त्यांची चूल पेटते. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली आणि तिच्यामार्फत या बायकांना ओळखपत्रं मिळाली. पुढे २००८मध्ये 'स्वच्छ' ही त्यांच्याच मालकीची सहकारी संस्था महापालिकेबरोबर काम करू लागली. घरोघरी जायचं, घरामागे दरमहा ठरलेलं शुल्क घ्यायचं, सुका माल वेगळा करून विकायचा. विकलेल्या मालाचे पैसे त्यांचे. त्यांनी उचललेल्या प्रत्येक किलोचा वाहतूकखर्च महापालिकेचा वाचतो. तरीही कराराची मुदत संपत आली की यांना नव्यानं आपली गरज सिद्ध करावी लागते. पुलाला असं कधी करावं लागत नाही.

वेचकांना असं बाजूला सारणं कैरोतही घडलं आहे. मुकत्तम टेकडीच्या पायथ्याशी राहणारे जब्बालीन, म्हणजे तिथले कचरावेचक, पिढ्यानपिढ्या दारातून कचरा नेत आणि त्यातला साधारण ८० टक्के पुन्हा वापरात आणत. २००३च्या सुमारास सरकारनं स्पॅनिश आणि इटालियन कंपन्यांना ठेके दिले. त्यांच्यावर पुनर्वापराचं बंधन होतं जेमतेम २० टक्क्यांचं. मोठे ट्रक अरुंद गल्ल्यांत शिरेनात. दारात येणारा माणूस गेला आणि लोकांना पिशवी घेऊन कुंडीपर्यंत जायची वेळ आली. २००९मध्ये स्वाइन फ्लूच्या भीतीनं सरकारनं जब्बालीनांची डुकरं मारून टाकली, तेव्हा उरलंसुरलं अन्न रस्त्यांवर साचू लागलं. ती डुकरं म्हणजे शहराची ओल्या कचऱ्याची व्यवस्था होती, हे ती गेल्यावर कळलं.

बोगोटानं काटा तोच ठेवला, फक्त पैसे देण्याची बाजू बदलली. तिथल्या वेचकांनी न्यायालयात वर्षानुवर्षं झुंज दिली, २०११मध्ये देशाच्या घटनात्मक न्यायालयानं त्यांना डावलणारी निविदा रोखली आणि २०१३पासून शहर त्यांना पुनर्वापरासाठी गोळा केलेल्या मालाच्या वजनावर मोबदला देऊ लागलं. जे टन डेपोवर नेण्याचे पैसे दिले जातात, तेच टन वाचवण्याचेही द्यावेत, इतकी साधी ही मागणी आहे.

यावर एक आक्षेप मी मनापासून गंभीर मानते. हे काम करणाऱ्या बहुतेक बायका दलित आहेत. कचऱ्यात हात घालणं हेच टिकाऊ शहराचं साधन म्हणून मिरवायचं, म्हणजे जातीनं लादलेलं काम गोड करून घ्यायचं का? नाही. पण कैरोत यंत्र आलं तेव्हा त्यानं वेचकांचा रोज हिरावला, घाण तशीच राहिली. मिसळून दाबलेला कचरा शेवटी डेपोवर कुणीतरी उपसतोच, तो अधिक कुजलेला असतो आणि तिथे त्या माणसाला कुणी नावानं ओळखत नाही. दारात वेगळा करून दिलेला कचरा कोरडा असतो. कागदात गुंडाळून वर लाल खूण केलेलं सॅनिटरी पॅड कुणाला उघडून बघावं लागत नाही. कामाची प्रतिष्ठा अशा गोष्टींतून येते: हातमोजे, हात धुवायला नळ, आजारपणाचा विमा, आणि बसून निवडायला छप्पर.

हे छप्परच कुठे नाही. २०१६च्या घनकचरा नियमांनी वेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या म्हटलं, पण निवडायला बसायचं कुठे हा प्रश्न नव्या इमारतीचा नकाशा काढताना कुणाच्या डोक्यात येत नाही. आमच्या सोसायटीच्या बैठकीत मी दोन गाड्यांच्या पार्किंगएवढी जागा मागितली. विषय पुढच्या बैठकीवर गेला, मग त्याच्या पुढच्या. मावशी अजून फाटकाबाहेर पदपथावरच निवडतात. गेल्या जूनमध्ये पहिली सर आली तेव्हा त्यांनी आधी पुठ्ठ्यांवर ताडपत्री ओढली, कारण भिजलेल्या पुठ्ठ्याचा भाव पडतो; मग पदर डोक्यावर घेतला.