तुझ्या खिडकीतला डोंगर

मुलुंड (पूर्व),
एप्रिलअखेर

चि. छकुलीस,


तुझी यादी मिळाली. मोबाइलवर ती मला नीट दिसेना, म्हणून शेजारच्या मुलाकडून मोठ्या अक्षरांत छापून आणली. मे महिन्याच्या सुट्टीत 11 ठिकाणं. प्रत्येकासमोर वार, तिकीट, पार्किंग आणि शेवटच्या रकान्यात 'झालं' अशी खूण करायला चौकोन. ऑफिस सांभाळून, पाच वर्षांचा एक आणि अडीच वर्षांची एक असताना हे तू कधी केलंस, कोण जाणे. "आत्या, यातलं काय काढू?" असं विचारलंयस. मी तरी दहा काढीन. लगेच रागावू नकोस, पुढे वाच.

1989 च्या मे महिन्यात मीही अशीच यादी केली होती, फक्त ती एकाच दिवसाची होती. सकाळी राणीची बाग, तिथून तारापोरवाला मत्स्यालय, मग मलबार हिलवर म्हातारीचा बूट आणि शेवटी गिरगाव चौपाटीची भेळ. मुलुंडहून एवढं लांब जायचं, तर सगळं उरकूनच यावं, असा तुझ्या आत्तोबांचा हिशेब, आणि मीही मान डोलावली. आमचा दादा पाच वर्षांचा, ताई तीन वर्षांची. ताई मत्स्यालयापासून जी झोपली ती थेट घरी उठली. आत्तोबांचा खांदा आठवडाभर दुखत होता. दादाने आता चाळिशी ओलांडली आहे, पण म्हातारीचा बूट राणीच्या बागेत होता आणि त्या बुटात मासे होते, हे तो आजही शपथेवर सांगतो. बूट कुठे, भायखळा कुठे! चार ठिकाणांचं त्याच्या डोक्यात असं भरीत झालं. परवा तो स्वतःच्या मुलीला तेच सांगत होता आणि आत्तोबा गालात हसत होते.

तुझा थोरला रोज रात्री कोणती गोष्ट मागतो? तीच ना, जी तुला पाठ झाली आहे आणि जिचा कंटाळा आला आहे? एक शब्द बदललास तर तो तुला थांबवतो. जागेचंही तसंच असतं. पहिल्या खेपेला एवढं मूल धड काही बघतच नाही. त्याची चप्पल चावते, त्याला शू लागते, फुगेवाला दिसतो. दुसऱ्या खेपेला ते मागच्या वेळचं झाड, माकड, पायरी जागेवर आहे का, ते तपासून बघतं. तिसऱ्यांदा गेलात की बघ, तोच बहिणीचा हात धरून "इथे वळायचं" म्हणतो. तू एवढी धडपडतेस ती त्या तिसऱ्या खेपेसाठीच, आणि यादीतल्या अकरा जागांपैकी एकीचीही तिसरी खेप येत नाही.

आणि जागा शोधायला लांब जायचंच कशाला? बोरिवली पूर्वेला राहतेस. स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगर दिसतो, म्हणून तर तो फ्लॅट घेतलात. शंभर चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं जंगल आहे ते. त्याचं नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान झालं, तरी आम्ही जुनी माणसं अजून नॅशनल पार्कच म्हणतो. तुझ्या यादीत ते सातव्या नंबरावर आहे, आणि समोर 'वनराणी + सफारी + कान्हेरी, 10 ते 5' असं लिहिलंयस. मे महिन्यात, दहा ते पाच! अगं, पारा 34 च दाखवतो, पण आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि अंगातली उष्णता बाहेर पडायची वाट तीच. समुद्राचा वारा दुपारी वेळेवर सुटला तर बरं. पूर्वेचा कोरडा वारा रेटून राहिला आणि खारं वारं उशिरा आलं, तर बघायलाच नको. अशाच दिवसांत मुंबई चाळिशी गाठते. 14 एप्रिल 1952 ला सांताक्रूझला 42.2 अंश नोंदले गेले होते. म्हणून सांगते, गेट उघडताना आत आणि अकराच्या आत घरी. सोमवारी पार्क बंद असतं, हेही यादीत नाही.

वनराणीच्या गाडीवर बेत बांधू नकोस. 2021 च्या तौक्ते वादळात रुळांचं नुकसान झालं आणि गाडी थांबली. तुम्हाला मिळाली तर मिळाली. आमच्या मुलांनी त्या गाडीसाठी तासभर रांगेत भोकाड पसरलं होतं, तेव्हा न मिळाल्याचं फार दुःख करू नकोस.

पहिल्या दिवशी गेटच्या आतली बाग आणि दहिसर नदीचा काठ, एवढंच. हो, नदीच. तुळशी तलावाकडून येणारी ती दहिसर नदी तुमच्या सोसायटीमागचा नाला कशी होते, हे थोरल्याला एक दिवस कळेलच, आत्ताच नको. मे महिन्यात तिच्यात पाण्यापेक्षा दगडच जास्त असतात. ते त्याला पुरतील. गेटबाहेर पाड्यांवरच्या बायका करवंदं, जांभळं, रांजणं घेऊन बसलेल्या असतात. पानाच्या द्रोणातली करवंदं घे आणि कोंबडा-कोंबडी खेळायला शिकव. करवंद फोडायचं, आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. आधी कोण काय म्हणालं ते लक्षात ठेवायचं, नाहीतर भांडण. डाग जात नाहीत, म्हणून जुने कपडे घाल. वहिनी तुला नवा फ्रॉक घालून पाठवायची आणि परत आल्यावर मलाच बोलायची, हे आठवतं?

दुसऱ्या खेपेला कान्हेरी. गेटपासून आत सहा-सात किलोमीटर आहे, तेव्हा चालत नेण्याचा पराक्रम करू नकोस. तिथे शंभराहून जास्त लेणी आहेत. तू चार बघ. तीन नंबरच्या चैत्याच्या दारात दोन बाजूंना सात-सात मीटरचे बुद्ध उभे आहेत. त्यांच्या पायाच्या बोटाशी धाकटीला उभी कर, ती आपोआप गप्प होते. त्यापुढे विहारांत शिरा. भिक्षूंच्या खोल्या, खोलीत दगडाचाच ओटा झोपायला, आणि दाराशी पाण्याचं टाकं. मुलांना एवढंच पुरतं, कारण घर-घर खेळायला याहून चांगली जागा नाही. उन्हाळा असूनही कित्येक टाक्यांत पाणी दिसेल. कातळावर बारीक पन्हळी खोदून पावसाचं पाणी त्यांत उतरवलं आहे. तिथल्या शिलालेखांत या टाक्याला 'पोढी' म्हटलं आहे. तुमच्या सोसायटीत परवा दोन टँकर आले म्हणालीस ना? दोन हजार वर्षांपूर्वीच्या या सोसायटीत प्रत्येक दाराशी आपली पोढी होती. जावईबापूंना दाखव. ते सोसायटीच्या कमिटीवर आहेत.

शिलालेखांतली आणखी एक गंमत मुलांना नक्की सांग. ही लेणी, ही टाकी खोदायला पैसे कुणी दिले, ते तिथे कोरून ठेवलं आहे. त्यांत कल्याणचे लोक आहेत, सोपाऱ्याचे आहेत. म्हणजे माझ्या लाइनवरचं कल्याण आणि तुझ्या लाइनवरचं नालासोपारा. थोरल्याला सगळ्या स्टेशनांची नावं पाठ आहेत, तेव्हा तो हे विसरणार नाही. 'कल्याण फास्ट'वाल्यांनी बांधलं, असं तो शाळेत सांगेल. सांगू दे.

तिसऱ्या खेपेला पुन्हा कान्हेरी, आणि त्या दिवशी फक्त पोढ्या मोजायच्या. कुठे थांबायचं ते त्याला ठरवू दे. खायला तिखटमिठाच्या पुऱ्या आणि काकडी ने, पण घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. प्लास्टिकची पिशवी खुळखुळली की माकडं तिथेच हजर होतात. आमच्या ताईच्या हातातला अख्खा वडापाव एकाने असा उचलला, की तिला वाटलं बाबांनीच घेतला.

बाकीच्या दहांचं काय, म्हणशील. मॉल दोन आहेत. दुपारी एसीत बसायला खुशाल जा, पण त्याला यादीत नंबर कशाला? गोराईची बोट राहू दे, पावसाळ्यानंतर जा. अंधेरीचा गिल्बर्ट हिल मात्र पुढच्या वर्षासाठी जपून ठेव. 60 मीटर उंच काळ्या दगडाचा सुळका आहे, सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि वर गावदेवीचं देऊळ. पायऱ्या धाकटीला झेपायच्या नाहीत आणि तिला कडेवर घेऊन तुला. प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात बालनाट्य लागलं असेल तर ते मात्र याच वर्षी बघा. मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' असेल, तर कडेची खुर्ची घे. आमच्या वेळी दिलीप प्रभावळकरांची चेटकीण गाजली होती, नंतरच्या काळात वैभव मांगल्यांची. चेटकीण आली की अडीच वर्षांचं मूल एकतर मांडीत तोंड लपवतं किंवा दाराकडे पळतं. दोन्हींसाठी कडेची खुर्चीच बरी.

आता गाडीचं. थोरल्याला पाच पूर्ण झाली, म्हणजे त्याचं अर्धं तिकीट. ते त्याच्याच हातात दे. धाकटीला अजून तिकीट नाही, यावर घरी रडारड होईल, त्याची तयारी ठेव. आणि एक नियम दोघांनी आधी ठरवून घ्या. आमची एकदा चुकामूक झाली होती. गर्दीच्या एका स्टेशनवर आत्तोबा ताईला घेऊन उतरले आणि मी दादासकट गाडीतच राहिले, गाडी सुटली. मी पुढच्या स्टेशनवर उतरून उलट्या गाडीने मागे आले, तर तेवढ्यात ते मला शोधायला पुढे गेलेले. तेव्हा मोबाइल कुठे होते! दोन तास आम्ही एकमेकांना ओलांडत होतो. तेव्हापासून घरात कायदाच झाला: जो गाडीत राहिला त्याने पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच उभं राहायचं, आणि जो खाली राहिला त्याने मागच्या गाडीने तिथे जायचं. मोबाइल असला तरी हा कायदा पाळा. गर्दीत रिंग ऐकू येत नाही.

इतकं सगळं तुमच्या बाजूचं झालं. पण डोंगराला दुसरी बाजूही आहे, आणि ती माझ्याकडे आहे. तुझं घर आणि माझं घर यांच्यामध्ये तो एकच डोंगर आहे, हे थोरल्याला माहीत नसणार. तुमच्याकडे सूर्य त्याच्या मागून उगवतो. आमच्या गच्चीवरून बघशील तर त्याच्याच मागे मावळतो. डोंगराखालून बोगदे व्हायचे तेव्हा होतील, सध्या तरी वळसाच घालावा लागतो. बोरिवलीहून अंधेरी, तिथून मेट्रोने घाटकोपर, तिथून आमची स्लो लोकल. मेट्रोत बसवू नकोस, खिडकीशी उभं कर. हायवेवरचा तारांचा पूल येतो आणि पुढे असल्फ्याची टेकडी, जिच्यावरची घरं निळी, पिवळी, गुलाबी रंगवली आहेत. 2014 च्या आधी हाच रस्ता आम्ही 340 नंबरच्या बसने तास-सव्वातास लोंबकळत काटायचो. मेट्रोला थोडीच मिनिटं लागतात. थोरल्याला ती कमीच वाटतील.

रात्री आमच्याकडेच राहा, दुसऱ्या दिवशी सकाळी ऐरोली पुलाकडे जाऊ. खाडीत रोहित पक्षी पाऊस येईपर्यंत थोडेफार असतात. पलीकडे ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटही सुटते, पण तिची वेळ भरतीप्रमाणे बदलते. भरती बघायला तुला ॲप लागत असेल. तुझे आजोबा कालनिर्णय बघून सांगायचे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट कर, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा, सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. चिखल उघडा पडला की पक्षी त्यात चोची घालून चरतात. बोट न मिळाली तरी तेवढं लांबून दिसतं. पाऊणपट कशी करायची, ते थोरल्याला मी शिकवीन. पाढे येत नसले तरी चालेल, बोटांवर येतं.

शनिवारीच या. रविवारी माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक असला की धाकटीसकट घाटकोपरला अडकाल. दुपारी झोपा काढा, साडेसहाला गच्चीवर जाऊ. आत्तोबांनी ताडगोळेवालीला आत्ताच सांगून ठेवलं आहे. तिथे थोरल्याला तुमची खिडकी कुठल्या बाजूला असेल, ते बोटाने दाखवायला सांगते. चुकला तरी तू मध्ये बोलू नकोस.

तुझी,
आत्या

ता. क. स्टीलचा डबा म्हटलं, त्यावरून आठवलं. दिवाळीत चकल्या पाठवल्या होत्या ते दोन डबे अजून तुझ्याकडेच आहेत. येताना आण. रिकामे आणलेस तरी चालतील.