तण कुणाला म्हणायचं?

नको तिथं उगवलं ते तण, एवढी साधी व्याख्या आम्हा शेतकऱ्यांची. यंदा हरभरा काढला आणि पुढच्या साली त्याच रानात सोयाबीन केलं, तर सांडलेल्या दाण्याचा हरभरा आपण उपटून टाकतो. तांदुळजा, घोळ, पाथरी उसाच्या सरीत असली की तण, आणि भाकरीबरोबर ताटात आली की भाजी. रोप तेच. नाव आपण देतो, आपल्या सोयीनं.

म्हणून सगळ्या तणावर दया करा, असं मी म्हणणार नाही. पेरल्यापासून पहिले तीस-चाळीस दिवस पीक लेकरासारखं असतं. त्या दिवसांत तण वर आलं तर खत, पाणी, ऊन सगळं तेच खातं, मग नंतर कितीही भांगलून पीक भरून येत नाही. टारफुला तर ज्वारीच्या मुळालाच डसतो. जमिनीवर दिसेपर्यंत त्यानं पुष्कळ पिऊन घेतलेलं असतं. फुलाच्या आधी उपटला नाही, तर त्याचं धुळीसारखं बी वर्षानुवर्षं रानात दडून राहतं. गाजर गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं म्हणतात, आज ते नाही असा बांध दाखवा. जनावर तोंड लावत नाही, माणसाच्या अंगाला खाज सुटते. असलं तण काढायलाच पाहिजे. प्रश्न आहे तो कसं काढायचं आणि त्याची किंमत कुणी मोजायची, हा.

दहा बायकांना दोन दिवस पुरणारं काम एक गडी पाठीवर पंप घेऊन दिवसात उरकतो. भांगलणीला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी पेलत नाही, हे खोटं नाही. पण आमच्या आळीत एक आक्का आहे. नवरा गेल्यावर तिनं भांगलणीवर दोन लेकरं वाढवली. संध्याकाळी घरी जाताना तिच्या ओट्यात पाथरी असायची आणि डोक्यावर शेळीला गवताचा भारा. मजुरीचे पैसे आपण मोजून दिले, ही भाजी आणि हा भारा मात्र कुठल्या वहीत लिहिला नव्हता. शेजारच्या रानात औषध मारलं तेव्हा ती म्हणाली, "तात्या, रान पिवळं पडलं, आता शेळीनं काय खायाचं?"

मग मी खुरप्याची थोरवी सांगायला लागलो. तिनं तिथंच तोडलं. "उभ्या माणसानं खुरप्याचं कौतिक करू ने. माझं गुडघं गेलं. पोरीच्या हातात मी खुरपं देनार न्हाई."

तिच्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीनं दुसरी खोडली जात नाही.

मी माझ्यापुरता मार्ग काढलाय. दोन ओळींत कोळपं चालवतो, ओळीतलं तेवढं भांगलून घेतो, म्हणजे वाकणं कमी होतं. पडक रानातल्या हरळी-लव्हाळ्यावर माणसाचा हात पुरत नाही, तिथं औषध मारतो. उभ्या पिकात मारत नाही. वारा असला तर पंप उचलत नाही, कारण उसातल्या २,४-डी चा नुसता वास जरी पलीकडच्या द्राक्षबागेला लागला तरी पानं वाकडी होतात, आणि वाऱ्याला बांध कळत नाही. विहिरीकडच्या दोन सऱ्यांत तांदुळजा-पाथरी तशीच ठेवतो. ज्याला पाहिजे त्यानं न्यावी. लोक हसतात, "तात्या तणाची शेती करतोय."

हसू द्या. पुढच्या पिढीच्या हातात खुरपं नसेल आणि नसावंच. पण खुरपं सुटलेल्या त्या हातांना दुसरं काम मिळालं का, एवढं विचारायचं आपल्याकडं लागतं. तणनाशकानं वाचलेले पैसे माझ्या खिशात पडतात, तेव्हा त्यातले थोडे तिचे होते, एवढी आठवण तरी हिशेबाच्या वहीत राहावी.