एक घर, तीन भावंडे

एकाच आईबापांची लेकरे, एकच छप्पर, एकाच चुलीवरचा स्वयंपाक. मग एक मूल भित्रे, दुसरे चिडखोर आणि तिसरे समंजस का निघावे? ‘पाची बोटे सारखी नसतात’ असे म्हणून आपण हा प्रश्न मिटवतो. कुणी स्वभावाकडे बोट दाखवतो, कुणी परिस्थितीकडे.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की (१८९६–१९३४) यांनी आयुष्याच्या अखेरीस एका व्याख्यानात तीन भावंडांची हकीकत सांगितली होती. आई दारूच्या आहारी गेलेली, मनाने ढासळलेली. मुलांना मारझोड होई. धाकटे मूल भयाने पार गोठले, अडखळत बोलू लागले. मधल्याला आईची ओढही वाटे आणि धास्तीही. जिला बिलगायचे तिच्यापासूनच पळायचे, या ओढाताणीत ते सापडले. थोरले अवघे दहा-अकरा वर्षांचे. पण आई आजारी आहे हे त्याला उमगले होते. तिला सावरण्याचा आणि धाकट्यांना जपण्याचा भार त्याने उचलला.

आई एकच, परंतु तिघांनी भोगलेली आई एक नव्हती. या भोगण्याला विगोत्स्कींनी ‘पेरेझिवानिये’ हा रशियन शब्द योजला. मुलाचे वय, समज व स्वभाव एकीकडे, घरची परिस्थिती दुसरीकडे. दोहोंची गाठ या अनुभवात पडते, आणि मूल घडते ते त्यातून.

मग दोष मुलाच्या मनाचा, परिस्थितीचा नव्हे, असे म्हणायचे काय? मुळीच नाही. मार तो मारच. उलट वडीलधाऱ्यांची जबाबदारी यामुळे वाढते. ‘मी सर्वांना सारखेच वागवले’ एवढे म्हणून आपली सुटका होत नाही; प्रत्येकाला ते कसे लागले, हेही पाहावे लागते. आणि त्या थोरल्याचे काय? अशा मुलाला आपण ‘किती शहाणे!’ म्हणून शाबासकी देतो. त्या शहाणपणापायी त्याचे बालपण खर्ची पडले, हे मात्र आपल्या हिशेबात येत नाही.

आज अंगणात फटाका वाजेल. एक मूल टाळ्या पिटील, एक आजीच्या पदराआड दडेल. दडलेल्याला ‘भित्रा’ म्हणून हसण्याआधी, त्याला काय ऐकू आले, हे एकदा विचारून पाहावे. आणि जे मूल दोघांना सांभाळत उभे असेल, त्याच्याही हाती एक फुलबाजी द्यावी.