लोणारचा पाषाण आणि श्रद्धेचा आधार

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवराविषयी लोकपरंपरा अशी की, लवणासुर नावाचा दैत्य तेथे भूमीखाली दडून राहत असे. विष्णूने त्याचा वध केला आणि त्याच्या विवराचे हे खारे कुंड झाले. गावातील दैत्यसूदनाचे देवालय या कथेची साक्ष म्हणून दाखविले जाते. कथा रचणाऱ्यांची दृष्टी मात्र अधू नव्हती. पाणी खारट आहे आणि हा खळगा इतर दऱ्याखोऱ्यांसारखा नाही, ही दोन्ही निरीक्षणे तीत शाबूत आहेत.

१८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. पुढे दीर्घकाळ अनेक अभ्यासक त्यास ज्वालामुखीचे मुख समजत. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथील काळ्या पाषाणात मास्केलिनाइट हा प्रचंड आघातानेच बनणारा काचमय पदार्थ दाखवून दिला, आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर उल्कापाताचे ठरले. त्याचे वय पूर्वी सुमारे ५० हजार वर्षे सांगितले जाई. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांवर नेले.

मग श्रद्धावंताचे काय गेले? लवणासुराच्या कथेवरच ज्याची श्रद्धा उभी होती, त्याचे पुष्कळ गेले. परंतु जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वरूपतः भिन्न मानणाऱ्यास येथे दचकण्याचे कारण नाही. उल्का, पाषाण, क्षार हा सर्व प्रपंच होय. प्रपंचाचा शोध प्रपंचाच्या साधनांनी घ्यावा, त्यात परमेश्वराची हानी कशी होणार?

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा काहींनी त्यास चमत्कार म्हटले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे सांगितले. चमत्काराची घाई करणारी श्रद्धा त्या दिवशी उगाच हरली. तिला कोणी लढावयास बोलाविलेच नव्हते.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचे लोणारी वास्तव्य झाले, यादव राजा कान्हरदेव तेथे दर्शनास आला, असे लीळाचरित्र सांगते. स्थान, प्रसाद, भिक्षुक, वासनिक या साधनांत स्थानाला जे महत्त्व आहे ते श्रीचरणांच्या संबंधामुळे. त्या परिसरातील एखादा पाषाण भूशास्त्रज्ञाने भिंगाखाली ठेवला तर आघाताची खूण दिसेल, चरणसंबंध दिसणार नाही. तो दिसत नाही म्हणून झालाच नाही, असे म्हणण्याचा अधिकार भिंगाला नाही. त्याचप्रमाणे, वंदनीय पाषाणात काही निराळे रासायनिक सामर्थ्य असते असा दावा भक्ताने करू नये. तो केला की परीक्षा प्रयोगशाळेतच होणार, आणि तेथे संबंधाची साक्ष उपयोगी पडणार नाही.

तथापि स्वामी कोणत्या जागी बसले, कोणत्या वाटेने गेले, हा प्रश्न चौकशीच्या बाहेरचा नव्हे. म्हाइंभटांनी तो बाहेरचा मानला नाही. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन त्यांनी एकेक लीळा विचारली, ती नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतली. आणि पाठपरंपरेत जेथे आठवणी जुळल्या नाहीत तेथे निरनिराळ्या वासना नोंदलेल्या राहिल्या. एक खरी ठरवून दुसरी पुसून टाकणे सोपे होते. ते झाले नाही, म्हणून आजही अभ्यासकाला दोन्ही पाठ समोर ठेवून विचार करता येतो.