गोळीआधी हिशेब

यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब, राळेगाव, केळापूर या पट्ट्यात सोयाबीन शेंगेवर आले, तूर फुलोऱ्यात आली की एक मागणी हमखास उठते: रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) मारायला बंदूक द्या. तिला दोन ठरलेली उत्तरे मिळतात. शहरातले उत्तर असे की जंगल तुम्ही तोडले, आता भोगा. जणू चार एकरांचा कापूसवाला आणि सागाचा ठेकेदार ही एकच असामी. या उत्तरावर शाई खर्चण्यात अर्थ नाही. दुसरे उत्तर सभामंचावरून येते आणि विज्ञानाचा आव आणते: ऑस्ट्रेलियात सशांना गोळ्या घालतात, जर्मनीत डुकरे मारतात, मग आम्हीच का सोसायचे? टाळ्या घेणाऱ्या या वाक्याची उलटतपासणी करायला हवी, कारण त्यातले दोन्ही साक्षीदार फितूर आहेत.

आधी ससा. 1859 मध्ये टॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने व्हिक्टोरियातल्या आपल्या बार्वन पार्क इस्टेटीवर इंग्लंडहून आणवलेले ससे सोडले, ते शिकारीची हौस भागावी म्हणून. म्हणजे तिथे बंदूक आधी रोगाचे कारण होती, औषध मागाहून झाली. पुढच्या काही दशकांत सशांनी कुरणे फस्त केली, माणसे गोळ्या घालत राहिली आणि ससे वाढत राहिले. न्यू साउथ वेल्स सरकारने 25,000 पौंडांचे बक्षीस लावले; 1888 मध्ये लुई पाश्चरने कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जंतू देऊन पत्नीच्या भाच्याला, आद्रियाँ ल्वारला, तिकडे धाडले; बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाने 1901 ते 1907 या काळात तीन हजार किलोमीटरांहून लांब कुंपण घातले, तोवर ससे त्याच्या पलीकडे पोचलेही होते. संख्या खऱ्या अर्थाने कोसळली ती 1950 मध्ये मिक्सोमॅटोसिसचा विषाणू सोडल्यावर, आणि काही वर्षांत सशांनी त्यालाही दाद देणे कमी केले. शिवाय तो ससा परका होता. आपल्या शिवारातला ससा बिळांच्या वसाहती करत नाही, गवताच्या आडोशाला एकटा राहतो. कोल्हा, रानमांजर आणि गरुड त्याच्यावर अंकुश ठेवतात. हरभऱ्याचे कोवळे शेंडे तो खुडतो, पण रातोरात शेत आडवे करत नाही. डुकरांच्या रागात त्यालाही मारायचे, तर मग उपद्रव कशाला म्हणायचे हेच ठरवायचे राहिले आहे.

दुसरा साक्षीदार जर्मनी. तिथे परवानाधारक शिकाऱ्यांनी 2019-20 या एका शिकार-वर्षात आठ लाखांहून अधिक रानडुकरे मारली, आणि तरीही मक्याच्या शेतातली डुकरे ही तिथल्या शेतकऱ्यांची तक्रार कायम आहे. रानडुकरीण एका वेळी चार-सहा पिल्ले देते. कळप विरळ झाला की उरलेल्यांना खायला जास्त मिळते. फ्रान्समधल्या अभ्यासात तर असे दिसले की जिथे शिकारीचा दाब जास्त, तिथे माद्या कमी वयात वितात. आपल्याकडचा अनुभव पाहायचा तर महाराष्ट्राने 2015 मध्ये डुक्कर आणि रोही मारण्याची परवानगी देण्याचे अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणले. पुढच्याच वर्षी मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर हे केंद्राचे दोन मंत्री यावरून जाहीरपणे भांडले. चंद्रपुरात 53 डुकरे मारल्याचा दाखला त्याच भांडणात आला. मारण्याची हौस कोणाला, परवानगी कोणी मागितली, यावर भरपूर बोलले गेले. ती डुकरे मेल्याने किती क्विंटल धान्य वाचले, हा प्रश्न त्या गदारोळात ऐकू आला नाही.

इथवर वाचून शिकारविरोधी मंडळी माना डोलावत असतील. त्यांनी आता थांबावे. गोळीने संख्या घटत नाही एवढेच सिद्ध झाले. शेतकऱ्याने गप्प बसावे, हे त्यातून निघत नाही. इथे माधव गाडगीळांना टाळून पुढे जाता येत नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदाच अन्यायकारक आहे, असे त्यांनी बेधडक म्हटले, आणि ते म्हणणारा माणूस पश्चिम घाटासाठी आयुष्य वेचलेला परिसरशास्त्रज्ञ होता, हे अनेकांना आजही पचत नाही. घरात घुसलेल्या दरोडेखोराविरुद्ध बळ वापरण्याचा अधिकार फौजदारी कायदा देतो, मग वर्षाची कमाई लुटणाऱ्या डुकराविरुद्ध का नाही, हा त्यांचा सवाल. वन्यजीव कायद्याचे कलम 11 वाचले की त्याची धार कळते. जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने प्राणी मारला तर तो गुन्हा नाही. उभे पीक वाचवायचे तर मात्र आधी अधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी. अन् अशा परवानगीने मारलेले डुक्कर कलम 39 प्रमाणे राज्य सरकारची मालमत्ता ठरते. गाडगीळांचा युक्तिवाद इथून एक पाऊल पुढे नेता येतो. शेजाऱ्याची म्हैस शेतात शिरली तर 1871 च्या कायद्याने तिला कोंडवाड्यात घालता येते आणि मालकाला दंड भरून ती सोडवावी लागते. डुक्कर मेल्यावर सरकारचे होते, जिवंतपणी चरते तेव्हा त्याचा मालक कोण? मेलेल्या जनावरावर हक्क सांगायचा आणि जिवंत जनावराचे देणे नाकारायचे, अशी मालकी गावातला कोणताही पंच मान्य करणार नाही.

मात्र गाडगीळांचा पुढचा आधार, स्वीडन-नॉर्वेतली परवानाबद्ध शिकार, कळंबच्या काळ्या मातीत उभा राहत नाही. तिथे शिकाऱ्याला परीक्षा द्यावी लागते, रान मोठे असते, शिकारीचा हंगाम ठरलेला असतो. इथे दोन-तीन एकरांचे तुकडे, धुऱ्याला धुरा, आणि रात्री प्रत्येक मचाणावर जागलीला माणूस. अंधारात सुटलेली गोळी कोणाच्या शेतात थांबेल हे सांगता येत नाही. त्यात वाघाची भर. राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ 2 नोव्हेंबर 2018 रोजी टी-1 वाघीण मारली गेली. 13 माणसांचे बळी तिच्या नावावर होते. डुक्कर आणि रोही हे वाघाचे भक्ष्य. भक्ष्य पिकाकडे आले की मागोमाग वाघ येतो, आणि त्याच रात्री शेतकरी पिकाच्या राखणीला बाहेर असतो. शस्त्र कायद्याने पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मान्य केली आहे, पण निवडणूक लागली की ती अनेकदा ठाण्यात जमा करावी लागते. 2024 ची विधानसभा नोव्हेंबरात झाली, कापूस वेचणी आणि तूर ऐन भरात असताना. जे हत्यार पिकाच्या वेळापत्रकाने चालू शकत नाही, त्यावर राखणीची सारी भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही. वैतागलेला माणूस मग तारेत करंट सोडतो. त्या तारेला डुक्कर चिकटते, कधी वाघ, कधी शेजारचा शेतकरी.

तरीही गोळीचे एक काम उरते, आणि ते मोजणीत येत नाही. जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे यांनी भीतीचा मुद्दा मांडला आहे: माणसापासून धोका नाही हे कळले की जनावर दिवसाढवळ्याही शिवारात वावरते. म्हणजे पन्नास डुकरे संपवण्यापेक्षा शेताच्या कडेला धोका आहे हे त्यांना पटणे मोलाचे. अशा कामाला बाहेरचा निशाणेबाज निरुपयोगी. ते गावाने, ठरल्या धुऱ्यावर, ठरल्या हंगामात, शिवार रिकामे करूनच करायला हवे. वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताडोबाच्या पश्चिम सीमेवर पीकहानी मोजली, तेव्हा डोळ्यांनी दिसणाऱ्या नुकसानीपेक्षा खरे नुकसान बरेच जास्त निघाले. शेंडा खाल्लेली तूर पंचनाम्यात उभीच दिसते, खळ्यावर मात्र येत नाही. म्हणून नुकसान शोधत बसण्याऐवजी उत्पन्न मोजा, गावातल्या इतरांच्या उत्पन्नाशी ताडा आणि तूट भरून द्या, अशी त्यांची मांडणी आहे. शेतकरी खोटे बोलेल, हा आक्षेप यावर लगेच येतो. खळ्यावरचे पोते शेजाऱ्यापासून लपवणे अवघड असते. तीन खात्यांच्या पंचनाम्यातला आकडा लपवणे तुलनेने सोपे. केंद्राने 2026 च्या खरिपापासून वन्यप्राण्यांची पीकहानी विम्यात घ्यायचे जाहीर केले, हे चांगलेच झाले. पण 72 तासांत फोटोसह कळवायची अट पुन्हा दिसणाऱ्या नुकसानीलाच धरून बसते. रोज थोडे थोडे खाणाऱ्या रोह्याचा फोटो कोणत्या दिवशी काढायचा?

कळंब तालुक्यातल्या ग्रामसभांनी बंदूक जरूर मागावी, पण अर्जात ती तिसऱ्या क्रमांकावर असावी. पहिली मागणी, पिकाच्या उत्पन्नातली तूट सरकारने आपले देणे म्हणून भरावी, मदत म्हणून नव्हे. दुसरी, कुठल्या जनावराला, कुठल्या धुऱ्यावर, किती दिवस हुसकावायचे वा मारायचे हे ग्रामसभेने आणि तिच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लेखी ठरवावे, आणि सशासारखी जनावरे त्या यादीबाहेर राहावीत. त्यानंतर बंदूक. डुकराने खाल्लेल्या प्रत्येक क्विंटलचे बिल सरकारच्या तिजोरीतून जाऊ लागले, तर वनखात्याला कुंपणही सुचेल, भरपाईही वेळेवर होईल आणि गोळीची परवानगीही खोळंबणार नाही. आज ते बिल शेतकरी भरतो, म्हणून कोणालाच घाई नाही.