व्यापाऱ्याचे पत्र आणि पापाचा वाटा

अठराव्या शतकातला सागरी व्यापार पत्रांवर चाले. पेढीचा मालक बंदरात बसून कप्तानाला लिही: कुठे जायचे, कोणता माल विकायचा, परतताना काय भरायचे. एका पत्राच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांनी रवाना होत. एक बुडाली तरी दुसरी पोचावी. अशा व्यवहारात सांगणारा एक, करणारा दुसरा आणि भोगणारा तिसराच. मग पाप कोणाच्या माथी? अमेरिका स्वतंत्र होत असताना ऱ्होड आयलंडच्या ब्राउन बंधूंमध्ये याच प्रश्नावरून दुफळी झाली.

१७६४ मध्ये प्रॉव्हिडन्सच्या या चौघा भावांनी ‘सॅली’ हे जहाज आफ्रिकेला धाडले. कप्तान एसेक हॉपकिन्सला रमच्या बदल्यात गुलाम घेण्याची, ते वेस्ट इंडिजमध्ये विकण्याची आणि चार तरुण गुलाम घरासाठी आणण्याची लेखी सूचना होती. घेतलेल्या १९६ जणांपैकी किमान १०९ दगावले. जहाजाच्या वहीत त्यांची नावे नाहीत. एक मुलगा, एक बाई अशा नोंदींपुढे आकडा चढत जातो.

भावांपैकी मोझेसने १७७३ मध्ये आपले गुलाम मुक्त केले आणि पुढच्या वर्षी तो क्वेकर पंथात गेला. प्रत्येक माणसात ईश्वरी प्रकाश असतो, अशी या पंथाची श्रद्धा. १७८३ मध्ये ‘क्लार्क अँड नाइटिंगेल’ ही पेढी गुलामांच्या सफरीची तयारी करत असल्याचे कळताच मोझेसने ‘सॅली’चा दाखला देत पेढीला पत्र लिहून परावृत्त करू पाहिले. एकेकाळी ज्या साधनाने हुकूम गेला, त्याच साधनाने आता इशारा गेला.

जॉन ब्राउनने मात्र या व्यापाराचा उघड कैवार घेतला. नव्या राष्ट्राने १७९४ मध्ये परदेशांसाठी गुलाम वाहणाऱ्या जहाजांवर बंदी घातली आणि त्या कायद्याखाली १७९७ मध्ये जॉनचे ‘होप’ जहाज जप्त झाले. पण कायद्याचे बोट धरून चालणाऱ्याला १७६४ च्या सफरीत दोष काढता येत नाही. तेव्हा ती कायदेशीरच होती.

मोझेसची कसोटी कायद्याहून कडक होती. त्याला स्वतःलाही ती पुरी पेलली नाही. १७९० मध्ये त्याच्या भांडवलावर पॉटकेटला सॅम्युअल स्लेटरने पाण्याच्या शक्तीवरची सूतगिरणी चालू केली. तिथला कापूस गुलामांच्या मळ्यांतून येई. जॉन वूलमन या क्वेकर उपदेशकाने गुलामांच्या श्रमाची साखर कधीच वर्ज्य केली होती. १८११ मध्ये इलायस हिक्सने हाच विचार पुढे नेला: गुलामाचे श्रम ही लूट आहे आणि लुटीचा माल घेणारा लुटीत सामील होतो.

व्यापारात नफ्याची वाटणी होते, तशी दोषाची होत नाही. मधले हात वाढले म्हणून कोणाचाही वाटा घटत नाही. ज्याला माल कुठून येतो हे ठाऊक आहे, त्याच्याकडे दोष पुरताच येतो.